सर्टिफिकेटच्या फाइली: .सीआरटी, .पी७बी, .पीएफएक्स आणि न सापडणारी की

मेहकर तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीच्या ऑफिसातून आलेला प्रश्न थोडक्यात असा. कंपनीच्या डोमेनसाठी वाइल्डकार्ड सर्टिफिकेट (एचटीटीपीएससाठी लागणारं, एका डोमेनच्या सगळ्या उप-पत्त्यांना चालणारं) विकत घेतलं. मेलवर झिप आली, तिच्यात एक .सीआरटी, एक .सीए-बंडल आणि एक .पी७बी. ऑर्डरीची वेबसाइट लिनक्सवर एनजिनएक्स या वेब सर्व्हरमध्ये चालते, हिशेबाचं सॉफ्टवेअर ऑफिसातल्या विंडोज सर्व्हर २०१६ वर आयआयएस या विंडोजच्या वेब सर्व्हरमध्ये, आणि गोदामाच्या वजनकाट्याचा प्रोग्रॅम टॉमकॅट या जावाच्या जुन्या सर्व्हरवर, जावा ८ मध्ये. तिघं तीन वेगळ्या फाइली मागतात. .पीएफएक्स बनवली तर विंडोज पासवर्ड चुकला म्हणतं, आणि पासवर्ड तर बरोबर आहे. वरून अध्यक्षांच्या डिजिटल सिग्नेचरच्या यूएसबी टोकनमधून .सीईआर काढली आहे, तिची .पीएफएक्स करून दोन कॉम्प्युटरवर टाकता येईल का?

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, म्हणजे अर्धा गोंधळ मिटतो. रूपांतर म्हणजे फक्त बारदाना बदलणं. तूर ज्यूटच्या पोत्यातून प्लास्टिकच्या कट्ट्यात भरली म्हणून ती हरभरा होत नाही, आणि रिकाम्या पोत्यातून काही भरताही येत नाही. सर्टिफिकेटच्या फाइलीत दोनच प्रकारचा माल असतो. एक म्हणजे सर्टिफिकेट: नाव, मुदत, पब्लिक की आणि देणाऱ्या संस्थेची सही. हे कोणीही पाहिलं तरी बिघडत नाही, सर्व्हर ते येणाऱ्या प्रत्येकाला स्वतःच दाखवतो. दुसरी म्हणजे प्रायव्हेट की. ती ज्याच्या हातात, तो तुमच्या नावानं उभा राहू शकतो. तुमच्या झिपमधल्या तिन्ही फाइलींत ही की नाही. असायलाही नको, कारण ती सर्टिफिकेट देणाऱ्याकडे कधी गेलेलीच नसते.

आता बारदाना. सर्टिफिकेटची रचना एक्स.५०९ या नावानं ठरलेली आहे, १९८८ पासून. ती बाइटमध्ये जशीच्या तशी लिहिली की डीईआर. तेच बाइट बेस६४ मध्ये अक्षरांत उतरवून वरखाली एकेक ओळ जोडली की पेम. हे नाव ‘प्रायव्हसी एनहान्स्ड मेल’ या १९९० च्या दशकातल्या ईमेल योजनेतून आलं. ती योजना चालली नाही, बारदाना मात्र राहिला. पेम फाइल नोटपॅडमध्ये उघडा: पहिल्या ओळीत पाच डॅश, ‘बिगिन सर्टिफिकेट’, पुन्हा पाच डॅश, खाली ६४-६४ अक्षरांच्या ओळी, शेवटी तशीच ‘एंड सर्टिफिकेट’ची ओळ. आतला मजकूर जवळपास नेहमी कॅपिटल एम, आय, आय या तीन अक्षरांनी सुरू होतो, कारण डीईआरचे पहिले दोन बाइट हेक्समध्ये ३० आणि ८२ असतात. नोटपॅडमध्ये नुसता कचरा दिसला तर फाइल डीईआर किंवा पीएफएक्स आहे.

नावावर जाऊ नका. .सीआरटी आणि .सीईआर ही दोन्ही नावं पेमलाही देतात आणि डीईआरलाही. म्हणून ‘.सीईआरचं .सीआरटी कसं करू’ याचं उत्तर कधी कधी नुसतं नाव बदलणं एवढंच असतं. पेममध्ये बिगिनच्या पुढे काय लिहिलंय ते वाचा. ‘सर्टिफिकेट रिक्वेस्ट’ असेल तर तो नुसता अर्ज आहे, म्हणजे सीएसआर. ‘पीकेसीएस७’ असेल तर .पी७बी: सर्टिफिकेट आणि मधल्या संस्थांची (तुमचं सर्टिफिकेट मूळ संस्थेशी जोडणाऱ्या) सर्टिफिकेटं एका गठ्ठ्यात, त्यात की नसते. ‘आरएसए प्रायव्हेट की’, ‘ईसी प्रायव्हेट की’ किंवा नुसतं ‘प्रायव्हेट की’ असेल तर तीच ती. ‘एनक्रिप्टेड प्रायव्हेट की’ म्हणजे पासवर्ड लावलेली. .पीएफएक्स आणि .पी१२ ही एकाच डब्याची दोन नावं: की, सर्टिफिकेट आणि मधली साखळी (म्हणजे मधल्या संस्थांची सर्टिफिकेटं, तुमच्या झिपमधली .सीए-बंडल तीच) एकत्र, पासवर्डखाली.

म्हणजे तुमचा खरा प्रश्न रूपांतराचा नाहीच. की कुठे आहे, हा आहे. ती त्या मशीनवर आहे जिथे सीएसआर बनवली. वेबसाइट करणाऱ्या मुलानं स्वतःच्या लॅपटॉपवर ओपनएसएसएल या की-सर्टिफिकेट हाताळणाऱ्या प्रोग्रॅमनं बनवली असेल तर .की नावाची फाइल त्याच्याकडे असणार. होस्टिंगच्या पॅनेलमधून बनवली असेल तर पॅनेलच्या एसएसएल विभागात. आयआयएसमधून बनवली असेल तर फाइल म्हणून कुठेच दिसणार नाही, ती त्या विंडोजच्या सर्टिफिकेट स्टोअरमध्ये आहे. तिथेच ‘कम्प्लीट सर्टिफिकेट रिक्वेस्ट’ करून .सीआरटी द्यायची आणि मग तिथूनच .पीएफएक्स एक्सपोर्ट करायची. मधल्या काळात कोणी त्या मशीनवर विंडोज नव्यानं टाकलं असेल तर की गेली. कोणतंही सॉफ्टवेअर ती .सीआरटीमधून परत काढू शकत नाही, आणि ते जमलं असतं तर या सगळ्याला अर्थच उरला नसता. मग नवी की, नवी सीएसआर आणि विक्रेत्याकडून री-इश्यू, म्हणजे त्याच खरेदीवर नव्यानं दिलेलं सर्टिफिकेट. मुदत शिल्लक असेपर्यंत बहुतेक ठिकाणी याचे पैसे पडत नाहीत.

पुढच्या कमांड इथं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना इंग्रजी अक्षरं, इंग्रजी आकडे, सगळं स्मॉलमध्ये. जिथे कॅपिटल लागतं तिथे सांगितलं आहे. विंडोजवर ओपनएसएसएल वेगळं शोधत बसू नका, गिट फॉर विंडोज टाकलं की सोबत येतं. गिट बॅशच्या काळ्या खिडकीत पासवर्ड विचारताना कमांड नुसती अडकून बसली, तर ती बंद करून कमांडच्या सुरुवातीला ‘विनपीटीवाय’ हा शब्द लावून पुन्हा चालवा.

नवी की आणि सीएसआर करायची वेळ आलीच तर:

ओपनएसएसएल रेक -न्यू -न्यूकी आरएसए:२०४८ -नोड्स -कीआउट साइट.की -आउट साइट.सीएसआर

‘नोड्स’ म्हणजे एन-ओ आणि डी-ई-एस, की पासवर्डशिवाय ठेव असा त्याचा अर्थ. ओपनएसएसएल ३ मध्ये त्याला ‘नोएन्क’ हे नवं नाव आहे, जुनंही चालतं.

की मिळाली की पुढे जायच्या आधी ती याच सर्टिफिकेटची आहे का ते तपासा. री-इश्यू दोनदा झालं असेल तर जुनी की आणि नवं सर्टिफिकेट हमखास एकत्र येतात.

ओपनएसएसएल एक्स५०९ -इन साइट.सीआरटी -नोआउट -पबकी
ओपनएसएसएल पीकी -इन साइट.की -पबआउट

दोन्हींतून निघालेली पब्लिक की अक्षरन्‌अक्षर सारखी हवी. नुसतं पहिल्या ओळीवर समाधान मानू नका, सुरुवातीची काही अक्षरं सगळ्याच आरएसए कीची सारखी असतात. ‘एंड’च्या आधीच्या दोन-तीन ओळीही जुळवा. जुळत नसेल तर एनजिनएक्स पुढे ‘की व्हॅल्यूज मिसमॅच’ म्हणेल आणि आयआयएसमध्ये सर्टिफिकेट यादीत दिसून रिफ्रेश केलं की गायब होईल. दोन्हींचं कारण एकच.

आता .पीएफएक्स:

ओपनएसएसएल पीकेसीएस१२ -एक्सपोर्ट -इनकी साइट.की -इन साइट.सीआरटी -सर्टफाइल साइट.सीए-बंडल -आउट साइट.पीएफएक्स

इथेच तुमचं घोडं अडलं. ओपनएसएसएल ३.० हे सप्टेंबर २०२१ मध्ये आलं आणि त्यानं पीएफएक्सची डिफॉल्ट कुलपं बदलली: एनक्रिप्शनला एईएस-२५६, तपासणीला एसएचए-२५६. विंडोज सर्व्हर २०१६ ला हे कुलूप ओळखताच येत नाही. ते सरळ तसं सांगत नाही, ‘पासवर्ड चुकीचा’ म्हणून मोकळं होतं. माणूस मग पासवर्ड बदलून बदलून दमतो. सर्व्हर २०१९ आणि विंडोज १० ची १७०९ पासूनची आवृत्ती यांना ते समजतं, म्हणून तीच फाइल तुमच्या लॅपटॉपवर उघडते आणि सर्व्हरवर नाही. उपाय म्हणजे जुनं कुलूप मागून घ्यायचं. वरच्या कमांडमध्ये हे तीन पर्याय वाढवा:

-सर्टपीबीई पीबीई-एसएचए१-३डीईएस -कीपीबीई पीबीई-एसएचए१-३डीईएस -मॅकअल्ग एसएचए१

‘पीबीई-एसएचए१-३डीईएस’ हे कॅपिटलमध्ये, मधल्या डॅशसकट. ‘-लेगसी’ हा छोटा पर्यायही आहे, पण त्याला वेगळं लेगसी मॉड्यूल लागतं. ते सापडलं नाही की विंडोजवर आणखी एक एरर समोर येते. शिवाय लेगसीत सर्टिफिकेटला ४० बिटचं आरसी२ हे जुनं एनक्रिप्शन लागतं, ते तर फारच कच्चं. ३डीईएसही आज मजबूत म्हणत नाहीत, म्हणून पासवर्ड लांब ठेवा आणि इम्पोर्ट झाल्यावर ती .पीएफएक्स डेस्कटॉपवर पडू देऊ नका.

उलटाही प्रसंग येतो. जुन्या विंडोजमधून काढलेली .पीएफएक्स नव्या ओपनएसएसएलमध्ये उघडताना ‘अनसपोर्टेड’ आणि ‘आरसी२-४०-सीबीसी’ असं काही दिसलं, तर तिथे मात्र ‘-लेगसी’ लावण्यावाचून इलाज नाही.

पासवर्डची आणखी एक भानगड आपल्याकडे जास्त दिसते. कीबोर्ड मराठीवर राहून जातो आणि पासवर्डमध्ये देवनागरी आकडा शिरतो, किंवा कोणी हौसेनं मराठी शब्दच पासवर्ड ठेवतं. पीएफएक्समध्ये पासवर्ड दोन-दोन बाइटच्या अक्षरांत साठवतात, आणि इंग्रजीबाहेरची अक्षरं त्यात कशी बदलायची याबाबत सगळ्या प्रोग्रॅमचं एकमत नाही. एका मशीनवर चालणारा पासवर्ड दुसरीकडे ‘मॅक व्हेरिफाय’ची एरर देतो. साधी इंग्रजी अक्षरं आणि आकडे ठेवा, लांबी वाढवा.

आयआयएसमध्ये इम्पोर्ट करताना ‘ही की एक्सपोर्ट करता येईल’ ही खूण करायची की नाही ते आधीच ठरवा. खूण नसेल तर उद्या सर्व्हर बदलताना .पीएफएक्सचा पर्याय फिकट दिसेल आणि दाबताच येणार नाही. .की फाइल दुसरीकडे जपून ठेवली असेल तर खूण न केलेलीच बरी. इम्पोर्ट नीट झालं का ते पाहायला सर्टिफिकेटवर डबल क्लिक करा. पहिल्याच पानावर तळाशी किल्लीचं चित्र आणि तुमच्याकडे प्रायव्हेट की आहे असं वाक्य हवं. नुसती .सीआरटी डबल क्लिक करून ‘इन्स्टॉल’ केलेली असेल तर ते वाक्य नसतं.

एनजिनएक्सला पीएफएक्स नको, दोन पेम फाइली हव्यात: एक की, आणि एक फाइल जिच्यात आधी तुमचं सर्टिफिकेट, मग मधली साखळी. क्रम हाच. रूट, म्हणजे मूळ संस्थेचं, सर्टिफिकेट घालायची गरज नाही, ते समोरच्याकडे असतंच. लिनक्सवर:

कॅट साइट.सीआरटी साइट.सीए-बंडल > फुल.पेम

जोडल्यावर फाइल उघडून सांधा पाहा. .सीआरटीच्या शेवटी नवी ओळ नसेल तर ‘एंड सर्टिफिकेट’चे डॅश आणि पुढच्या ‘बिगिन’चे डॅश एकाच ओळीत चिकटतात आणि ‘बॅड एंड लाइन’ येते. मध्ये एक एंटर मारला की काम झालं. हे जोडकाम विंडोजच्या जुन्या पॉवरशेलमध्ये बाणाच्या खुणेनं करू नका, आवृत्ती ५.१ त्या खुणेनं युटीएफ-१६ मध्ये फाइल लिहिते आणि ओपनएसएसएलला तिच्यात ‘बिगिन’ दिसतच नाही. नोटपॅडनं ‘युटीएफ-८ विथ बीओएम’ मध्ये सेव्ह केलं तर पहिल्या ओळीआधी तीन अदृश्य बाइट बसतात, त्यांच्यावरही काही प्रोग्रॅम अडतात. आणि सर्टिफिकेटचा मजकूर वर्डमध्ये किंवा व्हॉट्सअॅपवर चिकटवून पाठवू नका. तिथे पाच डॅशचे लांब डॅश होऊन बसतात, डोळ्याला फरक जाणवत नाही आणि सर्व्हर मात्र हटून बसतो. फाइल झिप करून पाठवा. हे सर्टिफिकेटबद्दल. की व्हॉट्सअॅपवर पाठवायचीच नाही. ग्रुपवर चुकून गेली असेल तर ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ करून भागत नाही, सर्टिफिकेट रद्द करून नव्या कीवर री-इश्यू घ्या. फुकट रूपांतर करून देणाऱ्या वेबसाइटवर .की किंवा .पीएफएक्स चढवणं हा त्यातलाच प्रकार.

साखळी विसरली तर काय होतं हे नीट समजून घ्या, कारण ही चूक लगेच दिसत नाही. तुमच्या लॅपटॉपवर क्रोममध्ये साइट व्यवस्थित उघडते, कारण ब्राउझर मधलं सर्टिफिकेट स्वतः शोधून आणतो किंवा त्याच्याकडे आधीचं पडलेलं असतं. पण मोबाइलमधलं अॅप, जावाचा प्रोग्रॅम किंवा कर्ल ही कमांड सहसा असं काही आणत नाही. मग शेतकऱ्याच्या फोनवरचं अॅप चालत नाही आणि ऑफिसात सगळं ठीक दिसतं. दोष नेटवर्कवर ढकलला जातो. बाहेरून तपासा:

ओपनएसएसएल एस_क्लायंट -कनेक्ट तुमचंडोमेन:४४३ -सर्व्हरनेम तुमचंडोमेन

खाली ‘व्हेरिफाय रिटर्न कोड’ शून्य हवा. २० किंवा २१ आला तर साखळी अपुरी असण्याचीच शक्यता जास्त. एनजिनएक्स रीलोड करण्याआधी ‘एनजिनएक्स -टी’ चालवा, म्हणजे चालू साइट बंद पडणार नाही. कीच्या फाइलीला परवानगी ६००, म्हणजे फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी.

बंडल हरवलं आणि फक्त .पी७बी हाताशी असली तरी चालतं:

ओपनएसएसएल पीकेसीएस७ -प्रिंट_सर्ट्स -इन साइट.पी७बी -आउट सगळे.पेम

एरर आली तर फाइल डीईआरमध्ये आहे, ‘-इनफॉर्म डीईआर’ वाढवा. बाहेर पडलेल्या सर्टिफिकेटांचा क्रम मात्र भरवशाचा नसतो, कधी कधी रूटच सगळ्यात वर येतं. प्रत्येकाच्या डोक्यावर ‘सब्जेक्ट’ आणि ‘इश्युअर’ अशा दोन ओळी येतात; एकाचा इश्युअर तो पुढच्याचा सब्जेक्ट, अशी माळ स्वतः लावायची. त्या ओळी एनजिनएक्सला खुपत नाहीत, काही होस्टिंग पॅनेलना खुपतात, तिथे काढून टाका.

नुसतं डीईआरचं पेम करायचं तर ‘ओपनएसएसएल एक्स५०९ -इनफॉर्म डीईआर -इन अ.सीईआर -आउट अ.पेम’. विंडोजवर काहीच नसेल तर ‘सर्टयुटिल -एनकोड’ हेच काम करतं. पीएफएक्समधून परत सुटं काढायचं असेल तर ‘पीकेसीएस१२ -इन साइट.पीएफएक्स’ला ‘-नोसर्ट्स -नोड्स’ जोडून की, ‘-सीएलसर्ट्स -नोकीज’ जोडून सर्टिफिकेट आणि ‘-सीएसर्ट्स -नोकीज’ जोडून साखळी मिळते.

वजनकाट्याचा टॉमकॅट. इथे एक चूक इतकी नेहमीची आहे की आधी तीच सांगतो. जावासोबत येणाऱ्या ‘कीटूल -इम्पोर्टसर्ट’नं .सीआरटी नव्या कीस्टोअरमध्ये (जावाचा की ठेवायचा डबा, .जेकेएस) घालतात, एरर येत नाही, आणि टॉमकॅट सुरू झाला तरी एचटीटीपीएस उघडत नाही. ‘कीटूल -लिस्ट’ चालवा: ‘ट्रस्टेडसर्टएन्ट्री’ दिसलं तर आत की नाही, फक्त सर्टिफिकेट ठेवलेलं आहे. ‘प्रायव्हेटकीएन्ट्री’च हवं. त्यासाठी पीएफएक्समधूनच आणायचं:

कीटूल -इम्पोर्टकीस्टोअर -एसआरसीकीस्टोअर साइट.पीएफएक्स -एसआरसीस्टोअरटाइप पीकेसीएस१२ -डेस्टकीस्टोअर साइट.जेकेएस -डेस्टस्टोअरटाइप जेकेएस

जावा ८ चं अपडेट ३०१ च्या आधीचं असेल तर त्यालाही नवं कुलूप उघडत नाही, ‘एचमॅकपीबीईएसएचए२५६’ मिळालं नाही अशी तक्रार करतं. वर ३डीईएसनं बनवलेली फाइल दिली की हा प्रश्न येत नाही; म्हणजे विंडोजसाठी केलेली तीच .पीएफएक्स इथेही चालेल. टॉमकॅट ८.५ किंवा पुढचा असेल तर जेकेएस करूच नका, पी१२ किंवा पेम सरळ चालतं.

हे सगळं वर्षातून एकदा करायचं म्हणून कागदावर लिहून ठेवू नका, स्क्रिप्ट करा. सर्टिफिकेटची कमाल मुदत सप्टेंबर २०२० पासून ३९८ दिवसांवर होती. सीए/ब्राउझर फोरम या सर्टिफिकेट देणाऱ्या संस्था आणि ब्राउझर कंपन्यांच्या मंडळाच्या २०२५ च्या निर्णयानुसार १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, २०२७ च्या त्याच तारखेपासून १०० आणि २०२९ पासून ४७ दिवस. मुदत वाचताना वेळ जीएमटीत असते, साडेपाच तास मिळवा: ‘२३:५९:५९ जीएमटी’ म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाच. आणि नवंकोरं सर्टिफिकेट ‘अजून लागू नाही’ असं वजनकाट्याचा कॉम्प्युटर म्हणत असेल, तर आधी घड्याळ पाहा. मदरबोर्डवरची सीआर२०३२ बॅटरी संपलेली असते, लाइट गेली की तारीख काही वर्षं मागे जाते, आणि मग दिवसभर सर्टिफिकेटच्या फाइली उलटसुलट करून काही उपयोग नसतो.

राहिलं अध्यक्षांचं टोकन. त्यातल्या सर्टिफिकेटची .सीईआर काढता येते, काही पोर्टलना नोंदणीला ती लागते, ती द्यायला हरकत नाही. तिची .पीएफएक्स होणार नाही. सहीची की टोकनच्या चिपमध्येच तयार होते आणि बाहेर येऊ नये अशीच ती चिप बनवलेली असते. सही करायचा मजकूर आत जातो, सही बाहेर येते. विंडोजच्या एक्सपोर्टमध्ये पीएफएक्सचा पर्याय फिकट दिसतो तो म्हणूनच, तुमच्या सेटिंगमध्ये काही चुकलेलं नाही. भारतात क्लास २ ची सर्टिफिकेटं १ जानेवारी २०२१ पासून देणं बंद झालं. आता क्लास ३ आणि तेही टोकनवर. फोनवरून ‘टोकनची फाइल करून देतो’ म्हणणाऱ्याला पिन सांगू नका. पिन ठरावीक वेळा चुकला की टोकन लॉक होतं, आणि लॉक काढायला ‘इनिशियलाइझ’ दाबलं तर आतली की पुसली जाते, मग नवं सर्टिफिकेट विकत घेण्याशिवाय मार्ग नाही. दोन कॉम्प्युटरवर सही हवी असेल तर दोन्हीकडे टोकनचा ड्रायव्हर टाका आणि टोकन इकडून तिकडे न्या. दोन माणसांनी सही करायची असेल तर दुसऱ्या संचालकाच्या नावानं दुसरं टोकन घ्या आणि पोर्टलवर त्यांना अधिकृत सहीकर्ते म्हणून जोडा.